मास्तरांच्या कानाचं मशीन
कानाची मशीनं दुरुस्त करणाऱ्या बाईंचा पक्ष एक, तर समोर राहणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांचा दुसरा. बाईंच्या दारावरचं पत्रक मास्तरांनी दोनदा फाडलं होतं. ऐन निवडणुकीत मास्तरांचं कानाचं मशीन बंद पडलं आणि दुरुस्तीला बाईंकडेच आलं.

"म्हणे शेजाऱ्यावर प्रेम करा!" रविवारी चर्चमधून आलेल्या बाई करवादल्या आणि दातओठ खात कामाला बसल्या. जेवणही तसंच राहिलं.

संध्याकाळी बाईंनी घरी नेऊन दिलेलं मशीन कानात घालून मास्तर पहिलं वाक्य बोलले, "यंदा तुमचा पक्ष आपटणार, बरं का!"

"नीट ऐकू येतंय ना?"

"छान येतंय."

बाईंनी घरी येऊन दार आपटलं.

"प्रभू, निदान आभार तरी मानायला लावायचेस त्यांना," त्या चिडून म्हणाल्या. राग रात्रीपर्यंत उतरला नाही.