खाडीपलीकडे गेलेलं आमचं नाव

गेल्या शुक्रवारी दुपारी इथे कुवेतमध्येच, खैतानला गेले होते. एका फॉर्ममधला फक्त एक रकाना भरून घ्यायचा होता... आणि तेव्हापासून डोक्यात नुसता गोंधळ आहे. लिहिलं तर थोडा सुटेल, म्हणून लिहितेय. घरच्यांना आणि खैतानच्या चाचांना विचारूनच.

आपल्या कोकणातली जी घरं कुवेतला सगळ्यात आधी आली, त्यांची एक पुस्तिका काढायची असं आमच्या ग्रुपवर ठरलं. म्हणजे इंग्रजांच्या अमलातली, इथे आपलाच रुपया चालायचा तेव्हाची माणसं. फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एकच गोष्ट चार वेळा तपासते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ही सवय दादीची. शाळेत जायच्या आधीच तिने माझ्याकडून घराण्यातली नावं पाठ करून घेतली होती. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या पणजोबांचं नाव इब्राहिम. अब्बांचं सिकंदर. सिकंदरपाशी दादी नेहमी थांबायची. "हे नाव आपल्यात कुणाचंच नाही गो. तुझे दादाजी तर म्हणायचे, मुलगा झाला तर बाबांचंच नाव ठेवीन... मग काय झालं, अल्ला जाणे."

दादाजी तेव्हा कुवेतला, एका खोलीत आठ जण. मुलगा झाल्याचं पत्र त्यांना गेलं, आणि तिकडून नाव येईपर्यंत बाळ बिननावाचंच राहिलं. दीड महिन्याने कुणीतरी बोटीने गावी आलं, त्याच्यासोबत घडी घातलेली एक चिठ्ठी. आत एकच शब्द... सिकंदर. नवऱ्याने पाठवलेलं नाव, दादीने काही न विचारता ठेवलं.

आता खैतान. तिथे इब्राहिमचाचांचा बकाला आहे, म्हणजे किराणा दुकान. ते आमच्या खाडीपलीकडच्या गावचे, पण माझी त्यांची ओळख नव्हती. त्यांचे वडील दाऊद आणि माझे दादाजी त्या एकाच खोलीत राहायचे, हे मला त्यांचा फॉर्म वाचून कळलं. 'नाव कोणावरून ठेवलं' हा रकाना मात्र त्यांनी कोरा सोडला होता.

"काय लिहू? मलाच माहीत नाही," चाचा म्हणाले. "आमच्या घराण्यात इब्राहिम कुणी झालाच नाही. आई सांगायची, अब्बांना सिकंदर नाव फार आवडायचं. पण बोटीवरून चिठ्ठी आली, तिच्यात इब्राहिम."

माझं पेन थांबलं. चाचा माझ्या अब्बांपेक्षा आठ दिवसांनी लहान. चिठ्ठी कोणी आणली, विचारलं... तर खोलीतला एक वयस्क माणूस रजेवर निघाला होता, त्याच्याकडे दोन-तीन घरांच्या चिठ्ठ्या होत्या. त्याला वाचता येत नव्हतं.

मी तेच तीनदा विचारल्यावर चाची आतून ओरडल्या, "चहा थंड झाला. पोलिसात लागलीस काय गो?"

म्हणजे चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. हे छापायचं? अब्बांना सांगायचं? आयुष्यभर अभिमानाने सांगितलेलं नाव दुसऱ्या बापाने दुसऱ्या मुलासाठी निवडलं होतं, हे कसं सांगतात? आणि दादाजींना हे कळलं होतं की नाही?

तेवढ्यात चाचा हसले. "तुझे दादाजी माझी भारी मस्करी करायचे हां."

दादाजी रजेवर आले की होडीने खाडी ओलांडून त्यांच्या घरी यायचे, खजूर घेऊन. चार वर्षांच्या पोराला म्हणायचे, "बाबा, खजूर घ्या." पुढे चाचा नोकरीला इथे आले, तेव्हाही तेच.

"मी वीस वर्षांचा, ते पन्नाशीचे... आणि मी खोलीत शिरलो की उठून उभे! माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. कायम बाबा, कायम अहो-जाहो."

"म्हणून तर ह्यांना वाटतं आपण मोठे साहेब," चाची म्हणाल्या.

मला हसता येईना. आमच्याकडे बाप ज्या मुलाला आपल्या वडिलांचं नाव देतो, त्याला तो नावाने हाक मारत नाही. स्वतःच्या वडिलांना नावाने कोण बोलावेल? त्याला 'बाबा' म्हणतात, आणि चुकूनही अरे-तुरे करत नाहीत.

म्हणजे दादाजींना सगळं ठाऊक होतं. मग गप्प का राहिले? बाळ त्या नावाला ओ द्यायला लागलं होतं म्हणून? की चिठ्ठ्या आणणाऱ्या त्या म्हाताऱ्याची गावात फजिती नको म्हणून? आणि दादीलासुद्धा का नाही सांगितलं... मला अजूनही कळत नाही.

चाचांना तिथेच सांगितलं. चाचींनी रिकामा कप उचलला आणि परत तिथेच ठेवला.

"मी बसूनच राहायचो गो," चाचा शेवटी म्हणाले. "ते उभे असायचे... आणि मी बसून राहायचो."

संध्याकाळी गावी अब्बांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले, "त्यांना फोनवर घे."

चाचांना जोडलं. अब्बांनी घसा खाकरला. "सलाम आलेकुम, आजोबा! आठ दिवसांनी लहान असलात म्हणून काय झालं... दुआ द्या."

फॉर्म आता भरलाय. चाचांच्या रकान्यात लिहिलं, 'सिकंदर यांच्या आजोबांवरून'. अब्बांच्या रकान्यात लिहिलं, 'दाऊद यांनी निवडलं. का, ते माहीत नाही.' चार वेळा वाचलं आणि तसंच ठेवलं.

येत्या शुक्रवारी पुन्हा खैतानला जाणार आहे. बाकी गोंधळ आहे तसाच आहे... पण चाचा आत आले की उठून उभं राहायचं, एवढं मला कळलंय.