कामाक्षीची पाटीवरची मराठी

सकाळी दार उघडलं तर कामाक्षीचे थोरले भाऊ, अण्णा, उभे. हातात रिकामा थर्मास. परळच्या हॉस्पिटलातून भोईवाड्यापर्यंत चालत आले होते. त्यांना मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, आणि त्या सकाळी दोन्हींची गरज पडली नाही. मी थर्मास हातातून काढून घेतला, तेव्हा ते खुर्चीत बसले आणि तोंडाला रुमाल लावून रडले. त्याला महिना होत आला. माझी अर्ध्या आयुष्याची शेजारीण गेली, आणि आमच्या मजल्यावर आता कुणी मोठ्यानं बोलत नाही.

कामाक्षी तिरुचिरापल्लीकडची. तिच्या गावच्या शेतात नांगराला दगडाचे शंख लागायचे. कधीकाळी तिथे समुद्र होता म्हणे. ते वेचता वेचता ती भूशास्त्र शिकली आणि मुंबईच्या एका कॉलेजात शिकवायला आली. लग्न केलं नाही, पण जेवणात मासे नसले तर बाईसाहेबांचा चेहरा उतरायचा. शीव कोळीवाड्याची हिराबाई माशांची पाटी घेऊन आमच्या चाळीत यायची. कामाक्षीला मराठी शिकवली ती हिराबाईनं, जिन्याच्या पायरीवर, बोंबील साफ करता करता. त्यामुळे हिची मराठी अस्सल पाटीवरची... भाव करणारी, डाफरणारी आणि पुढच्या क्षणी गळ्यात पडणारी. कॉलेजच्या प्रदर्शनाला कुणी बडे पाहुणे आले, तर हिनं त्यांचं स्वागत केलं, "ये रं भावा, बस! दमलास?" सभागृह हसलं. पाहुणेही हसले, पण निमूट बसले.

मी शाळेत मराठी शिकवायचे, तेव्हा हिची भाषा सुधारायचा विडा मी उचलणं ओघानं आलंच. माझ्यासमोर ती झकास शुद्ध बोलायची. चहा संपेपर्यंत टिकायचं. गॅलरीत पाऊल टाकलं की पुन्हा "काय गो बाय!" एकदा तिनंच हसत हसत सांगितलं, की भाषा शिकणाऱ्याचं काम भागण्यापुरतं बोलणं आलं की ते तिथेच घट्ट होतं, मग कितीही घासा, बदलत नाही. अभ्यासक त्यालाही जीवाश्म होणंच म्हणतात. "म्हंजे मी चालताबोलता जीवाश्म हाय गो!" मग खिडकीतला एक शंख माझ्या तळहातावर ठेवून तिचा तास सुरू झाला. मऊ मांस आधी सडतं. कडक कवच राहतं, तेही लगेच गाळानं झाकलं गेलं तर. पुढे पाण्यातले क्षार कणाकणानं आत शिरतात आणि त्याचा दगड होतो. "म्हणजे जे मोलाचं ते टिकतं," मी म्हटलं. "छ्या! चिखल काय मोल बगतो? ज्याच्यावर पडला, ता ऱ्हायला." मला ते उत्तर मुळीच आवडलं नव्हतं.

यंदा तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि बोलणं गेलं. काही दिवसांनी परत आलं ते नुसतं हिराबाईचं. इंग्रजी नाही, आणि तमिळही नाही... डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, का ते नेमकं सांगता येत नाही. अण्णा गावाहून धावत आले आणि उशाशी बसून तमिळमध्ये हाका मारू लागले. ती त्यांच्याकडे बघून भराभरा बोलायची, मराठीत. शेवटी एके दुपारी वॉर्डाबाहेर ते मला मोडक्या हिंदीत म्हणाले, "मेरे को पहचाना नहीं. कोई दूसरा आदमी समझता." बहिणीनं जाण्याआधी ओळखावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

मी त्यांना आत नेऊन उशाशी बसवलं आणि कान दिला. ती अण्णांना झापत होती. "किती वाळलास रं! जेवलास? माजी खरवड ठेवलीस काय?" अण्णांना म्हटलं, "पूछती है, खाना खाया?" ते नुसते मान हलवत राहिले. खरवडीला हिंदीत काय म्हणतात ते मला आठवेना. मग मी हवेत पातेलं धरलं, तळाशी चिकटलेला भात बोटांनी खरवडला, तोंडात घातला आणि तिच्याकडे बोट दाखवलं. अण्णा उठून उभेच राहिले. लहानपणी त्या भातावरून दोघांची रोज मारामारी व्हायची, हे त्यांनी मला खूप वेळानं सांगितलं. आधी त्यांनी माझ्याकडून उत्तर शिकून घेतलं. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत पाठ केलं, "ठेवली गो, ठेवली." आत जाऊन म्हणाले. तिनं चांगला हात उचलून त्यांच्या गालावर ठेवला. मला रडू आवरलं नाही. त्यानंतर शेवटपर्यंत तिनं रोज विचारलं आणि त्यांनी रोज सांगितलं.

अण्णा आता गावी परतलेत. रविवारी जेवणाच्या वेळेला त्यांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी हिंदीच्या दोन-तीन शब्दांत संपते आणि ते गप्प होतात, पण फोन ठेवत नाहीत. कशाची वाट बघतात ते पहिल्या रविवारी मला कळलं नव्हतं. आता कळतं. मग जन्मभर मुलांना शुद्ध बोलायला लावणारी मी, माझ्याहून एवढ्या मोठ्या माणसाला अरेतुरे करत, मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "माजी खरवड ठेवलीस काय रं?"

"ठेवली गो," अण्णा म्हणतात.