कुसुम वारा चुकली नव्हती

कुसुम गेल्याचं मला तिच्या मुलीनं, प्रज्ञानं, फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, परभणीतल्या घरी मी मेथी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली पहाटे," एवढंच ती म्हणाली. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आधी आलं ते हे, की चला, आता ते कुणालाच कळणार नाही. दुःख त्याच्या मागून आलं, आणि आल्यावर मात्र ते हललं नाही. त्याला आता दीड महिना झाला. जे कुणालाच कळणार नव्हतं ते लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

कुसुम म्हणजे येलदरी धरणाच्या वसाहतीतल्या दवाखान्यातली नर्स. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची गोष्ट. माझे यजमान तिथं उपअभियंता होते. दुष्काळाची वर्षं सरून धरण काठोकाठ भरलं होतं, आणि आमचे मोठे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, ते पाणी बघून अस्वस्थ व्हायचे. तरुणपणी ते मुंबईला समुद्रात शिडाच्या होड्या चालवायचे. एवढं पाणी आणि त्यावर एक शीड नाही, हे त्यांना बघवेना. त्यांनी कुठूनसे नकाशे मागवले, आमच्या सुतारांकडून चार छोट्या होड्या करून घेतल्या, जिंतूरच्या शिंप्याकडून जाड कापडाची शिडं शिवून आणली आणि सिमेंटच्या रिकाम्या गोदामात क्लब सुरू केला.

खंडेनवमीला सुतारांनी रंधा-करवतीच्या जोडीला चारही होड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, आणि तिथून दर रविवारी अख्खी वसाहत काठावर जमायला लागली. थंडी वाढत गेली तशी गंमतही वाढली. सकाळी पाण्यावर नुसता धुक्याचा पडदा. पुरुष मंडळी मफलर गुंडाळून गोदामापुढच्या चुलीवर हात शेकत बसायची, आम्ही बायका चहा गाळायचो. आसपासच्या शेतांतून हुरडा यायचा. वारा उठायचा तो दहाच्या पुढं. संक्रांत उलटली की रब्बीसाठी कालव्यांना पाणी सुटायचं, हळूहळू काठ मागं सरकायचा आणि गोदामापासून पाण्यापर्यंत नुसता चिखल उरायचा. तिथं मौसम संपला.

त्या पहिल्याच मौसमात मला सुकाणू धरायचं होतं. माझं माहेर सोनपेठचं, कापडाचं दुकान होतं आमचं, पण सगळ्या सुट्ट्या मामाच्या गावी, गोदावरीच्या काठी गेल्या. पाठीला सुका भोपळा बांधून मी सहाव्या वर्षी पोहायला शिकले होते. पाण्याचं मला काहीच वाटायचं नाही. मी साहेबांना स्वतः विचारलं आणि त्यांनी दोन रविवार मला सुकाणू दिलंही. दोन्ही रविवारी माझी होडी वाऱ्याकडं तोंड करून मधेच उभी राहिली आणि शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं फडफडत राहिलं. साहेब हसत म्हणाले, "वहिनी, पाणी तुमचं ऐकतं, पण वारा ऐकत नाही." सगळे हसले. आमचे हे सगळ्यांत मोठ्यानं.

कुसुम क्लबात आली ती औषधाची पेटी घेऊन. कुणी पडलं-झडलं तर हाताशी असावी म्हणून साहेबांनी तिला रविवारी काठावर बसायला सांगितलं होतं. मूळची चारठाण्याकडची, बौद्ध कुटुंबातली. वडील याच धरणाच्या बांधकामावर मजूर होते आणि ती इथल्याच मजुरांच्या झोपड्यांत वाढली होती. पांढऱ्या साडीत, मांडीवर पेटी घेऊन ती गप्प बसायची. एका रविवारी साहेबांचीच होडी मध्यावर अडकली, दोन्ही शिडं लोंबत होती. कुसुम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वैनी, साहेबांना तिकडं टेकाडाच्या अंगाला जायला सांगा. तिथं वारा यायलाय." मला टेकडीकडं काहीच दिसत नव्हतं. थोड्या वेळानं नेमका तिथूनच वारा आला, पाणी काळं करत, आणि साहेबांची होडी हलली.

चहाच्या वेळी ही गोष्ट साहेबांना हसत हसत मीच सांगितली. मी नसती सांगितली तर कुसुम पेटी घेऊन काठावरच बसून राहिली असती... साहेबांनी तिला बोलावलं, हे तुला कसं कळलं म्हणून विचारलं. ती लाजली. म्हणाली, चूल झोपडीबाहेर मांडायची तर वारा बघूनच मांडावी लागायची, नाहीतर धूर पोरांच्या डोळ्यांत. बस, एवढंच. पुढच्या रविवारी साहेबांनी तिच्या हातात सुकाणू दिलं आणि डिसेंबर लागेपर्यंत वसाहतीत तिच्या तोडीचं कुणी उरलं नाही. पण तिला पोहता येत नव्हतं. तेव्हा तिच्यासोबत पोहणारं माणूस हवं, असं साहेबांनी ठरवलं. बायकांत पोहणारी मी एकटी. म्हणून मी तिच्या होडीत पुढं बसायला लागले, छोट्या शिडाच्या दोऱ्या ओढायला. ती म्हणेल तेव्हा डावी सोडायची, उजवी ओढायची. गोदावरीत पोहलेली मी, तिच्या बुडण्याच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून बसवलेली.

मत्सर कसा असतो ते मी त्या हिवाळ्यात शिकले. तो दिवसभर ठणकत नाही. ती "आता" म्हणायची, आणि नेमकं आताच शीड टम्म भरायचं, तेवढ्यात तो डसायचा. आमचे हे तिचं कौतुक करायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं मी त्यावरून जळते, आणि एक-दोघींनी मला नवऱ्यावर लक्ष ठेवायलाही सुचवलं. मी त्यांना खोडून काढलं नाही. तो मत्सर लोकांना समजण्यासारखा होता, माझा खरा मत्सर सांगता येण्यासारखा नव्हता. वाऱ्यावरून कुणी कुणावर जळतं का? आणि तिच्या जातीचं माझ्या मनात काहीच नव्हतं, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण दुसऱ्या कुणा अधिकाऱ्याच्या बायकोनं सुकाणू धरलं असतं तर मी इतकी जळले नसते, हेही मला ठाऊक आहे.

आणि हे सगळं अशा बाईबद्दल, जी त्याच डिसेंबरात माझ्या मुलाला विषमज्वर झाला तेव्हा तीन आठवडे रोज दोनदा घरी आली. त्याचं अंग पुसायची, पेजेचे घास भरवायची. तो बरा झाल्यावर मी तिला साडी देऊ केली तर तिनं घेतली नाही. म्हणाली, "रविवारी तुमी पुढं बसता म्हणून तर मला पाण्यात जायला भ्या वाटत न्हाई, वैनी."

संक्रांतीनंतरच्या रविवारी साहेबांनी शर्यत ठेवली. चार होड्या, पाण्यात एक पिंप सोडलेलं, त्याला वळसा घालून परत काठावरच्या झेंड्यापाशी यायचं. जाताना वारा पाठीशी होता, येताना समोर, म्हणजे तिरकं तिरकं वळणं घेत यायला लागणार. पिंपापाशीच आम्ही पुढं होतो. मागून यजमानांची होडी येत होती. झेंडा अगदी जवळ दिसत होता, एकच वळण उरलं होतं. काठावरून टाळ्या ऐकू यायला लागल्या आणि त्या टाळ्यांत सगळे "सिस्टर, सिस्टर" म्हणत होते. माझं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

कुसुमची नजर टेकडीवर होती. "वैनी, टेकाडावरनं वारा फिरायलाय," ती म्हणाली. आणि मग, "सोडा."

मी दोरी सोडली नाही. मुठीत घट्ट धरून बसले. माझी तिच्याकडं पाठ होती, मोठं शीड मध्ये होतं. मनात चारपर्यंत आकडे मोजले आणि मग सोडली. तेवढ्यात छोट्या शिडात उलट्या बाजूनं वारा भरला, होडीचं तोंड भलतीकडं ढकललं गेलं आणि आम्ही जागच्या जागी थांबलो. आमच्या बाजूनं यजमानांची होडी सरसर निघून गेली.

कुसुमनं सुकाणू फिरवून होडी परत वाऱ्यात आणली. आम्ही काठाला लागलो. उतरताना तिनं विचारलं, "सोडली होती ना तुमी?"

मी म्हणाले, "हो. तू म्हणाल्याबरोबर."

तिनं मान हलवली. यजमानांना कप मिळाला, तो वर्षानुवर्षं माझ्याच घरात होता आणि मीच तो चिंच लावून घासायची. कुसुमनं त्या दिवशी सगळ्यांना तीळगूळ दिला, मलाही दिला. पुढच्या रविवारी ती पेटी घेऊन काठावर बसली. साहेबांनी बोलावलं तर आपली ड्यूटी आहे म्हणाली. मला वाटलं, तिला कळलं आहे आणि ती रागावली आहे. रागावली तर रागावली, असंही वाटलं. पुढच्या दसऱ्यानंतर सुकाणू मला मिळालं, आणि माझी होडी पूर्वीसारखीच मधे उभी राहायची. मग साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांना पाण्याची आवड नव्हती. क्लब बंद पडला. होड्या गोदामामागं उन्हात तडकल्या.

कुसुमचं लग्न जिंतूरच्या एका शिक्षकांशी झालं. आमचं येणं-जाणं मात्र राहिलं, बाळंतपणं, लग्नं, यजमान गेले तेव्हा ती चार दिवस माझ्याजवळ राहिली. त्या रविवारचा विषय दोघींनी कधी काढला नाही. तो तिनं काढला शेवटच्या भेटीत. चार महिन्यांपूर्वी मी तिला बघायला गेले होते. बसल्या जागी धाप लागत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "वैनी, एक इचारू? त्या दिवशी वारा टेकाडावरनंच आला होता ना?"

रागाचा मागमूस नव्हता. ती खरंच विचारत होती... एवढ्या वर्षांत तिला कधीच कळलं नव्हतं. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "आता कुणाला आठवतंय, कुसुम." ती म्हणाली, "मग माझीच चूक झाली आसंल." आणि मी तिला पाणी दिलं. का बोलले नाही? लाज होतीच. पण सत्तरी ओलांडलेली मी तिथं बसले होते आणि तेव्हाही मला तोच जुना डंख बसला, की हिला अजून वाऱ्याला विचारण्यासारखं काही आहे. मला तेवढंही नव्हतं.

ती गेल्यावर दहा-बारा दिवसांनी मी जिंतूरला गेले. प्रज्ञा चहा घेता घेता बोलत होती. शाळेत शिकवते ती. म्हणाली, आई होडीच्या गोष्टी लय रंगवून सांगायची, पण होडीत बसणं का सोडलं म्हणून विचारलं की म्हणायची, चार लोकांपुढं शहाणी म्हणून मिरवले आणि त्याच दिवशी वारा चुकले, मग कोणत्या तोंडानं बसायचं परत? मी कप खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. दोरी, चार आकडे, आणि "तू म्हणाल्याबरोबर".

तिनं माझा कप उचलून बाजूला ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "मला सांगून काय करता मावशी? आईच्या खोलीत जावा, तिथं सांगा."

मी गेले. खाट, त्यावर घडी केलेली गोधडी, कोनाड्यात बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची लहानशी मूर्ती. खाटेशेजारची खिडकी उघडी होती आणि तिच्या गजाला बोटभर रुंद लाल चिंधी बांधलेली होती. वारा कळावा म्हणून डोलकाठीच्या दोरीला बांधायचो तशी. दारातून प्रज्ञा म्हणाली, आई रोज सकाळी उठली की आधी डोळे मिटून सांगायची, आज कुठनं येणार ते. मग चिंधीकडं बघायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. तरी दुसऱ्या दिवशी परत.

प्रज्ञा आत निघून गेली. मी खाटेवर टेकले आणि मोठ्यानं म्हणाले, "कुसुम, मी दोरी सोडली नव्हती. वारा टेकडीवरूनच आला होता." खोलीत कुणी नव्हतं. बाहेर रस्त्यावरून एक एसटी गेली. मग मी डोळे मिटले आणि अंदाज केला, की वारा आता समोरच्या मारुतीच्या देवळाकडून येईल. डोळे उघडले तर चिंधी उलटीकडं उडत होती. मी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा अंदाज केला. तोही चुकला.