रिकाम्या दिसणाऱ्या डब्यातलं शेवळ

अळू चिरण्याआधी बकुळाताई देठ उजेडात धरून त्याचा रंग बघायच्या. सुरण घेताना भाजीवाल्याला कंदाचा डोळा, कोंब फुटतो ती जागा, दाखवायला लावायच्या. शिवणाचं मशीन मध्येच थांबवून गॅलरीत जायच्या, तिथल्या अळवांच्या पानांवरून हात फिरवायच्या. एका डब्यात पावसाळा सोडला तर काहीच दिसायचं नाही. त्यात बोट खुपसून, माती कोरडी आहे ना हे बघून परत यायच्या.

शेजारच्या खोलीतल्या मनवाला हे पाठ होतं. एम.ए. झाल्यावर नोकरी मिळेपर्यंतच्या दुपारी तिने करी रोडच्या चाळीतल्या त्या गॅलरीतच काढल्या.

त्या डब्यात एक कंद झोपलेला असे. गावचं घर विकलं तेव्हा बकुळाताईंच्या आईने तो परसातून खणून आणला होता. आई म्हणायची, शेवळ आहे, पावसाच्या तोंडावर उगवणारी रानभाजी. मामा हसायचा, "तुज्या आयेक शेवळ काय नि रानसुरण काय, एकच." वाद तसाच ठेवून आई वारली. पावसात छत्रीसारखं एकच पान यायचं, दिवाळीनंतर गळून जायचं. देठ गुळगुळीत, सुरणाचा खरखरीत असतो, म्हणजे रानसुरण नसावं. पण ठिपके शेवळासारखे वाटेनात. फूल आलं तर पानाच्या आधी, उन्हाळ्याच्या शेवटी येणार. फुलाशिवाय निकाल नव्हता.

"आई खरी का मामा, एवढं कळलं की सुटले," त्या म्हणायच्या.

यंदा एप्रिलमध्ये त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मनवा हॉस्पिटलातच होती. दोघी परत आल्या तेव्हा समोरच्या गंगुबाई दारातच उभ्या.

"अगो बकुळा, तुजो डबो सुकान गेललो. मी रोज तांब्याभर पाणी घातलंय."

"मावशी, मीपण," त्यांचा मुलगा राजेश म्हणाला. "ड्युटीला जाताना अर्धी बाटली."

"म्हणजे माझ्यापेक्षा जास्त सलाईन त्यालाच लागलं," बकुळाताई म्हणाल्या. सगळे हसले. झोपलेला कंद पाण्याने कुजतो, हे मनवा सांगणार तेवढ्यात त्यांनी तिचा हात दाबला.

दुपारी दार लोटून त्यांनी डबा उपडा केला. कंद लिबलिबीत झाला होता. सुरीने सडका भाग काढत त्या मध्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. आत जाडसर कोंब होता. पानाचा नव्हता.

"यंदा फूल येणार होतं गं."

कोंब कुजलेला होता. त्यावरून काहीच ओळखू येईना.

कडेचा एक डोळा तेवढा शाबूत होता. तो कापून त्यांनी उदबत्तीच्या राखेत घोळवला आणि कापलेली बाजू सुकायला वर्तमानपत्रावर ठेवला.

"फुलायला आता पुन्हा पाच-सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "सुकला की लावू."

त्याच आठवड्यात त्या झोपेतच गेल्या. मनवाला ते अजून खरं वाटत नाही.

तुकडा सुकला आहे. नव्या डब्याच्या तळाला त्यांनी भोकं पाडून ठेवली आहेत. डबा त्यांनीच मातीने अर्धा भरला आहे, तुकडा ठेवून वर बाकीची माती घालायला. उरलेली माती शेजारी पिशवीत, पिशवीचं तोंड उघडं.