टॉवेल-टोपीचा मानकरी

नोकरीची बहुतेक वर्षं मी एसटी स्टँडवरच्या खिडकीत काढली. कोणती गाडी कधी सुटली, ड्रायव्हर कोण, कंडक्टर कोण, हे रजिस्टरात लिहायचं माझं काम. त्यामुळे एक गोष्ट डोक्यात पक्की बसलेली आहे. गाडी आपोआप सुटत नाही. कोणीतरी दोनदा घंटी मारतं, मग ती हलते. आणि ती कोणी मारली हे रजिस्टरात सापडलं पाहिजे.

म्हणून मुलीच्या लग्नाआधी बायकोनं जो प्रश्न विचारला, तो मला ताबडतोब पटला. मुलगी धडगावला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिनं तिथल्याच डोंगरातल्या एका गावचा मुलगा पसंत केला. आश्रमशाळेत शिक्षक, शांत, आणि माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलणारा. आम्ही तापीकाठचे, पपईची बाग आणि नोकरी यांवर चाललेलं घर. भाऊबंदांनी चार दिवस तोंडं वाकडी केली. बायकोनं मात्र जातीचा, भाषेचा, घाटरस्त्याचा एकही शब्द काढला नाही. तिनं एवढंच विचारलं, "लगीन कोन लावी?"

मुलगी म्हणाली, "आई, नोंदणी करणार आहोत ना. साहेब लावतील."

"तो सही घेस. लगीन नही लावस," बायको म्हणाली. आणि मग निर्वाणीचं, "जो लगीन लावी त्यान्हं नाव माले सांगा. मंग मी येसु."

हा हट्ट कुठून आला ते मला ठाऊक होतं. आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आमचं जोरदार भांडण झालं होतं. चूक माझी होती, आता कबूल करायला हरकत नाही. तेव्हा ही माहेरी गेली नाही. ज्यांनी आमचं लग्न लावलं त्या गुरुजींच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही लगीन लावं, आते तुम्हीच समजाडा यासले." गुरुजींनी मला बोलावून घेतलं आणि देवघरासमोर तासभर बसवून ठेवलं. बोलले काहीच नाहीत, नुसते पोथी वाचत राहिले. तो तास मी विसरलेलो नाही. तिच्या लेखी लग्न लावणारा म्हणजे अक्षता टाकून जेवून जाणारा माणूस नव्हे. लग्नाचं काही बिघडलं तर ज्याचं दार वाजवता येतं, तो.

इकडे मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "पप्पा, आई आली नाही तर मी मांडवात उभी राहणार नाही. तारीख पुढे गेली तरी चालेल." दोघी एकाच मातीच्या. मधे मी.

आधी गुरुजी शोधले. आमच्या गावचे गुरुजी त्या तिथीला सकाळपासून तीन लग्नांत अडकलेले. खांडबाऱ्याला साडू राहतो, त्यानं एक तरुण गुरुजी शोधून दिले. मोटारसायकलवर फिरणारे, हसतमुख, घाट चढायला तयार. त्यांनी फोनवर मुलाचं गोत्र विचारलं. मी होणाऱ्या जावयाला विचारलं. त्यानं कुळाचं नाव सांगितलं, आणि त्या कुळाची माणसं कोणतं झाड तोडत नाहीत तेही सांगितलं. मी ते गुरुजींना कळवलं. ते म्हणाले, "असू द्या, आपण काश्यप म्हणू. माहीत नसलं की काश्यप चालतं."

हे मी मोठ्या आनंदानं जावयाला सांगितलं. तो म्हणाला, "पण आम्हाला आमचं कुळ माहीत आहे, बाबा."

माणसाला घराचा पत्ता पाठ असताना आपण त्याच्या नावापुढे दुसऱ्याचा पत्ता लिहीत होतो. गुरुजींना अवश्य आणा, तो म्हणाला, जेवतील, बसतील, पण आमच्यात त्यांच्यासाठी काम नाही. मी खांडबाऱ्याला नकार कळवून टाकला. गुरुजी चांगले होते, उगाच वाईट वाटलं.

मग विचार केला, त्यांच्यातही कोणीतरी असेलच. एवढी लग्नं होतात, ती काय वाऱ्यावर लागतात? एका रविवारी मी धडगावला गेलो आणि तिथून जावयाबरोबर वडापच्या जीपनं त्याच्या गावी. जीपमध्ये आम्ही किती होतो ते सांगत नाही. आयुष्यभर प्रवासी मोजलेल्या माणसाला तो आकडा सहन होण्यासारखा नव्हता.

गावात पहिल्यांदा पुजाऱ्याकडे गेलो. गावदेवाचं सगळं तोच करतो असं कळलं होतं. तो अंगणात बसून बांबूच्या कामट्या तासत होता. मी बोलायचो, जावई ते त्यांच्या पावरी बोलीत सांगायचा, उत्तर मराठीत परत यायचं. पुजारी म्हणाला, मी देवाचं बघतो, पिकाचं बघतो, लग्न मी लावत नाही. गावच्या वडील माणसाकडे जा.

गावचा वडील म्हणजे डोक्याला पांढरं फडकं बांधलेला एक उंच म्हातारा. त्यानं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, मी दोन्ही घरांची बोलणी करतो. तंटा झाला तर मिटवायला बसतो. लग्न मी लावत नाही. गाणाऱ्या बाईला विचार, हळदीपासून शेवटपर्यंत तीच असते.

गाणारी बाई विहिरीवर भेटली. माझा प्रश्न ऐकून ती एवढी हसली की हंडा खाली ठेवावा लागला. ती म्हणाली, "आम्ही नुसत्या गातो."

"मग लग्न लागतं कसं?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच असेल.

"लागतं," ती म्हणाली आणि हंडा डोक्यावर घेऊन निघून गेली.

मी हात टेकले. जावयाला म्हटलं, "अरे, पण घंटी कोण मारतो?" खरं सांगतो, मला राग आला होता, पण रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. तिघंही शहाणी माणसं. कोणी मला टाळत नव्हतं. जो तो मनापासून पुढच्याचं घर दाखवत होता.

परतीच्या जीपमध्ये मी एक गुन्हा करायचं ठरवलं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, "सापडला. एक म्हातारा आहे, उंच, पांढरं फडकं बांधतो. तोच लग्न लावतो."

"मानूस चांगला शे का?"

"चांगला आहे." एवढं तरी खरं होतं.

तिचा चेहरा एकदम सैल पडला. दुसऱ्याच दिवशी तिनं लग्न लावणाऱ्याच्या मानाची तयारी केली. सुपात शिधा काढला, तांदूळ, तुरीची डाळ, गूळ. वर नारळ. आणि कोरी टॉवेल-टोपी. आमच्याकडे कोणाचा मान करायचा तर टॉवेल-टोपीशिवाय होत नाही. ती टोपीच्या घड्या सारख्या करत होती आणि मी पेपरात तोंड घालून बसलो होतो. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. धीर झाला नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही चार-पाच गाड्या करून सकाळीच वर पोचलो. अंगणात हिरव्या फांद्यांचा मांडव, ढोल चाललेला, बायकांची एकमेकींच्या कमरेत हात घालून गाणी. मुलगी हळदीनं माखलेली. आईला बघून ती पळत आली आणि तिच्या नव्या लुगड्याला हळद लावून ठेवली. आता कसंही करून दिवस निघून जावा, एवढंच मागत होतो.

निघून जातो कसला. जेवणाआधी ढोल थांबला आणि माणसं गोल बसली. तो म्हातारा मधे येऊन उभा राहिला. बायकोनं त्याला माझ्या वर्णनावरून बरोबर ओळखलं. सूप घेऊन ती सरळ त्याच्यासमोर गेली.

म्हाताऱ्यानं टॉवेल-टोपीकडे पाहिलं. "हे कशाला?"

"तुम्ही लगीन लावतस ना, म्हनीसन."

जावयानं ते त्याला सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मी? मी नाही लावत." आणि माझ्याकडे बोट करून, "यांना मी तेव्हाच सांगितलं होतं."

बायकोनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे गुरुजींचा देवघरासमोरचा तास काहीच नव्हता. ती हळूच म्हणाली, "घर चला, मंग दखसु तुमले." तिकडे मुलीचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपलं. आता ही गाडीत जाऊन बसणार.

म्हातारा मात्र पुढे बोलत होता आणि जावई घाईघाईनं सांगत होता. "ते म्हणतात, मी फक्त विचारतो. सगळ्यांना विचारतो. पण आधी पोरीच्या आईला. तुमच्या मनात काही असेल तर आत्ता बोला. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढे काही होत नाही."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. की मी विचारलं नव्हतं? मी प्रत्येकाला एकच विचारत फिरलो होतो, लावतो कोण. आमच्याकडून काय लागेल, हे एकदाही नाही.

बायको सूप हातात घेऊन तशीच उभी. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. सबंध आयुष्यात चार माणसांसमोर ती बोललेली मला आठवत नाही. ती जावयाला म्हणाली, "यासले इचार. मन्ही पोर उद्या रुसनी, काही दुखनं-खुपनं, ते कोना दारवर जाई?"

त्यानं ते पावरीत सांगितलं.

म्हाताऱ्यानं हात लांब करून टेकडीवरच्या आपल्या घराकडे दाखवलं. मग घोळक्यातून गाणारी बाई उठली, तिनं विहिरीपलीकडचं आपलं घर दाखवलं. पुजाऱ्यानं बसल्या जागेवरून मागे अंगठा केला. मी नाही, मी नाही म्हणून मला गावभर फिरवणारी तीच तिघं. मग आणखी एक हात वर झाला, आणखी एक. मुलाच्या आईनं तर उठून माझ्या बायकोचं मनगट धरलं आणि तिला आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन परत आणलं.

बायकोनं सूप खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं.

"मंग लागनं," ती म्हणाली. आणि जरा मोठ्यानं, "लगीन लागनं."

जावयाला सांगायची गरज पडली नाही. ढोल सुरू झाला. म्हाताऱ्यानं पूर्वजांच्या नावानं मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली, बायकांनी दोघांच्या कपड्यांची गाठ मारली आणि गाण्याला पुन्हा तोंड फुटलं. शिध्यातले तांदूळ-डाळ तिथल्याच हंड्यात शिजले. गुळाचा खडा गाणाऱ्या बाईनं पहिला उचलला. टॉवेल-टोपी मात्र म्हाताऱ्यानं घेतली नाही. ती ज्याची त्याला द्या, म्हणाला.

घरी आल्यावर माझं जे व्हायचं ते झालं. ते लिहीत नाही. दोन दिवसांनी शेजारीण आली. लाडू खाल्ला, फोटो पाहिले, आणि मुद्द्यावर आली. "पन ते भटजी ठेवतस नही ना? मंग लगीन कोनी लावं?"

मी पेपर वर धरला. बायको धुतलेली भांडी पुसत होती. हातात तोच कोरा टॉवेल.

"मी लावं," ती म्हणाली, आणि पुढचं भांडं घेतलं.