नावाचं कडवं

त्यांनी माझ्या हातात झाडू दिला.

सांगलीचं नाट्यगृह, मागची खोली. भिंतभर आरसे, आरशांभोवती दिवे. चॅनेलची रिया नावाची पोरगी होती, माझ्या नातीच्या वयाची. कानात वायर, गळ्यात ओळखपत्र. म्हणाली, "आज्जी, हा धरा. तुम्ही कोण ते लोकांना बघताक्षणी कळलं पाहिजे."

मला कळलं. बघताक्षणीच कळलं. माझी आजी गावाची चावडी झाडायची. माझ्या आईनं धम्म घेतला त्या वर्षी घरातला झाडू चुलीत घातला आणि त्या जाळावर आंघोळीचं पाणी तापवलं. घरचा केर काढायलासुद्धा ती पुढं वर्षभर फडकं वापरत होती. आणि मी, तिची लेक, पायात नवी चप्पल घालून सांगलीला आले आणि तो झाडू परत घेतला. वर म्हटलं, "बरं."

फॉर्मवर मी नीट लिहून दिलं होतं. मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे साफ करायचं काम, तीस वर्षं. भोपळा भिजवायचा, आतला गर खरवडून काढायचा, वाळवायचा. माझ्या हातून गेलेले भोपळे कुठल्या कुठल्या मैफिलीत मांडीवर बसले असतील. रियाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, भोपळ्याचं लोकांना कळणार नाही, झाडू सोपा पडतो.

कार्यक्रम असा. मंचावर सहा जण उभे राहतात. रेकॉर्ड वाजते आणि एकेक जण नुसते ओठ हलवतो. समोर बसलेला पाहुणा, कुणीतरी नावाजलेला नट, नुसतं तोंड बघून ओळखतो की खरा गाणारा कोण आणि सोंग घेतलेला कोण. ज्याला तो सोंगाड्या म्हणतो, त्यानं पुढं येऊन माइकवर खरंच गायचं. सोंग असलं की आवाज फाटतो, लोक हसतात. घराघरांत बघतात. मीही बघायचे आणि हसायचे.

माझी नात प्रज्ञा, मिरजेला नर्सिंग शिकते. मी बाचं गाणं म्हणत होते, ते तिनं मोबाइलवर भरलं आणि मला न सांगता पाठवून दिलं. चॅनेलवाल्यांचा फोन आला तेव्हा मी दोन दिवस आरशासमोर पदर सारखा करत होते. सत्तरी आली, पण अक्कल यायची वाट अजून बघतेय.

मग रियानं उरलेलं सांगितलं. अगदी गोड सांगितलं. "आज्जी, तुमचा आवाज आम्हाला खूप आवडला. तो आम्ही चार नंबरला देणार आहोत."

चार नंबर म्हणजे पैठणीतली एक तरणी बाई. चांगली होती बिचारी, मला पाणी आणून दिलं. ती माझ्या आवाजावर ओठ हलवणार आणि खरी गाणारी ठरणार. मी पाच नंबर. पाहुणा मला सोंगाडी म्हणणार. मग मी पुढं जाऊन फाटक्या आवाजात ओरडायचं. मुद्दाम. लोक हसणार.

मी विचारलं, चार नंबरच्या मागं खरं कोण गातंय, हे शेवटी सांगणार का. रिया म्हणाली, तेवढा वेळ नसतो. गाण्याचं शेवटचं कडवं मोबाइलवर नव्हतं, मी ते फॉर्मवर नुसतं लिहून दिलं होतं; तेही काढलंय म्हणाली, जरा जड वाटतं.

मी मान हलवली.

एवढंच लिहून भागायचं नाही. मान हलवली म्हणजे काय, आनंदानं हलवली. माझा आवाज टीव्हीवर! कुणाच्या का तोंडातून येईना. ही मान मी ओळखते. ती साठ वर्षांपूर्वीची मान आहे.

कराड तालुक्यातलं आमचं गाव. मी चौथीत. गावठाणात वीज आली. आमच्या वस्तीत नव्हती आली, पण सोहळा सगळ्या शाळेचा. मोठे साहेब येणार होते. गाण्याच्या बाईंना कोयनेवरचं गाणं हवं होतं आणि तसं गाणं गावात एकच होतं. ते माझ्या बानं रचलेलं. बा कोयनेच्या धरणावर मातीकामाला होता, पंधरवड्यानं घरी यायचा. संध्याकाळी तिथल्या गड्यांची गायनपार्टी बसायची, त्यात त्यानं ते बांधलं होतं.

आमच्यात रीत होती. गाणं सुरू केलं की नावाच्या कडव्यापर्यंत न्यायचं. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ते म्हटल्याशिवाय उठायचं नाही. कुणी मधेच उठलं तर बा म्हणायचा, "माणसाला अर्ध्या वाटेत सोडून आलास व्हय रं?"

बाच्या गाण्यातलं नावाचं कडवं असं होतं:

दगडू म्हणे, माती आमच्या शिरी,
दिवा लागला कुणाच्या घरी?

बाईंनी ते कापलं. साहेबांपुढं असले प्रश्न बरे दिसत नाहीत म्हणाल्या. आणि गायला सरपंचांची नलू उभी केली. नलू गोरी, दोन वेण्या, रिबिनी. तिला सूर नव्हता, हा तिचा दोष नाही. बाईंनी तोड काढली. नलू पुढं ओठ हलवील, मी पडद्यामागून गाईन. मला म्हणाल्या, "तुझा आवाज आहे गं, पण तू समोर शोभत नाहीस."

या वाक्याचा मला राग यावा ना? मी अख्ख्या वस्तीत सांगत फिरले, माझा आवाज आहे म्हणाल्या बाई. अर्धं वाक्य गाळून सांगत फिरले. आईला तर इतकं सांगितलं की तिनं लाटणं उगारलं. एवढी शहाणी पोरगी.

सोहळ्याच्या दिवशी मी पडद्यामागं. समोर फक्त पडदा म्हणून टांगलेल्या जाजमाचा धुळकट वास आणि त्याला एक भोक. भोकातून नलूच्या वेण्या दिसत होत्या. पेटी सुरू झाली. मी गायले. माझा आवाज माझ्यापासून निघून वेण्यांपलीकडं जात होता आणि तिकडं तो नलूचा होत होता. दोन कडवी झाली. नलूनं नमस्कार केला. टाळ्या सुरू झाल्या.

आणि मी थांबले नाही. ठरवून नव्हे. बंड वगैरे काही नव्हतं, तेवढी माझी ऐपत नव्हती. तोंडाला सवय होती. गाणं नावापर्यंत न्यायचं असतं, म्हणून तोंड पुढं निघालं. नलू हात जोडून उभी, ओठ बंद, आणि आवाज चालूच. मंडपात खसखस पिकली. माझा सूर वर चढला, आता "दगडू" म्हणणार, तोच मागून एक तळवा आला.

बाईंचा. थंड, खडूचा, सुपारीचा वास. नाकातोंडावर एकदम बसला. श्वास आतल्या आत राहिला. नाव आतल्या आत राहिलं.

नलूला कंपासपेटी मिळाली. मला शाळेमागं उभं केलं आणि विचारलं, तुला कडवं कापलेलं माहीत नव्हतं का. मी म्हटलं, चुकलं.

पंधरवड्यानं बा घरी आला. भाकरी खाताखाता त्यानं एवढंच विचारलं, "नावाचं कडवं म्हटलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

तो हसला. बा फार कमी हसायचा. साहेब काय म्हणाले, त्यानं विचारलं. मी म्हटलं, साहेबांनी विचारलं की हा दगडू कोण. बानं हात धुतला आणि उठून बाहेर जाऊन बसला. आई म्हणाली, रडतोय. त्यानंतर दोन वर्षांनी तो गेला. माझ्या खोट्यावर सुखानं गेला.

तेव्हापासून तो तळवा माझ्याकडं राहायला आहे. मिरजेला लग्न होऊन आले, तिथंही आला. भोपळे खरवडताना मी गुणगुणायचे, शेवटच्या कडव्याशी आले की थंड काहीतरी तोंडावर बसायचं. लेकीच्या बारशाला गायले, तेव्हाही. कुणी विचारलं तर सांगायचे, पुढचं आठवत नाही. बाचं नाव मला आठवत नाही, असं मी साठ वर्षं सांगत आले.

तर, सांगली. मंच. माझी रेकॉर्ड वाजली. चार नंबरचे ओठ हलले, झोकात हलले. मी पाच नंबरला झाडू धरून उभी. माझाच आवाज माझ्या कानावर बाजूच्या बाईकडून येत होता आणि मी चौथीत होते. साठ वर्षं कुठं गेली, मला सांगता यायचं नाही. माझ्या मानेमागं कुणीतरी उभं होतं, शप्पथ.

पाहुणा नट माझ्याकडं बघून हसला. "या आज्जींबद्दल तर विचारच करायला नको. बघा ना."

सगळं नाट्यगृह हसलं. त्याला काही बोलायची गरज पडली नाही. बघा ना, एवढंच. लोकांनी बघितलं.

मी माइकशी गेले. रियानं खालून खूण केली, फाटक्या आवाजात म्हणा. मी तोंड उघडलं. आणि तळवा आला. तोच वास, तोच गारवा. सत्तर वर्षांच्या बाईचं तोंड दाबायला साठ वर्षांपूर्वीची बाई आली.

मी चावले. हवेलाच चावले, आणि लोकांना वाटलं आज्जी नक्कल करते, ते अजून हसले. मग मी शेवटचं कडवं धरलं. सरळ सुरात. दगडू म्हणे. नाव बाहेर आलं.

हसू बंद झालं. कारण आवाज तोच होता, आत्ताच चार नंबरच्या तोंडातून ऐकलेला. चार नंबर खाली बघत होती. पाहुणा रियाकडं बघत होता. मी दुसरी ओळ म्हटली, दिवा लागला कुणाच्या घरी, आणि ती संपते न संपते तोच कुणीतरी ओरडलं, "कट."

रिया धावत आली. "आज्जी, प्लीज. एकदा परत घेऊ. यावेळी फाटकं."

"न्हाई."

"आज्जी, तुम्ही पेपरवर सही केलीय."

"आवाजावर केलीय. फाटायची सही म्या दिली न्हाई."

झाडू तिथंच सोडला. आडवा. उचलून उभा करायलाही वाकले नाही.

मिरजेच्या एसटीत मी सोबत आलेल्या प्रज्ञाला बाशी बोललेल्या खोट्याची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा सांगितली. ती रडत म्हणाली, "आज्जे, आज तू म्हटलंस की."

"म्हटलं. पण बा कुठं हाय ऐकाया?"

 

महिन्याभरानं तो भाग लागला. माझ्या जागी दुसरी म्हातारी होती, तोच झाडू. ती छान फाटकं ओरडली. चार नंबर माझ्या आवाजात गायली. खाली अक्षरं आली: पारंपरिक गीत. म्हणजे बाचं नाव पुन्हा गेलं. शेजारीण माझ्या घरात बसून बघत होती. म्हणाली, "पैठणीवालीचा गळा लय गोड हाय वो." मी म्हटलं, "व्हय, ल्हानपणापास्नं हाय."

गेल्या आठवड्यात रियाचा फोन आला. चार नंबरचा आवाज लोकांना फार आवडला, पुढच्या भागासाठी अजून दोन गाणी भरून द्याल का. गाडी पाठवू. मंचावर यायची गरज नाही. "फक्त आवाज हवाय, आज्जी."

मी म्हटलं, "मी आले तर अख्खी येईन. तोंडासकट, बाच्या नावासकट. फक्त आवाज कुणाला मिळायचा न्हाई."

तिनं फोन ठेवला. प्रज्ञा म्हणाली, आता तुला कुणीच बोलवणार नाही. मी म्हटलं, नाही तर नाही.

आणि हे परक्यांचंच आहे असं समजू नका. येत्या रविवारी मिरजेत आमच्याच समाजमंदिरात गाण्यांचा कार्यक्रम आहे. आमचीच पोरं, माझ्या डोळ्यांदेखत मोठी झालेली. काल येऊन म्हणाली, आज्जी, पाहुणे मोठे आहेत, व्हिडिओ निघणार आहे, पुढं तरण्या पोरी उभ्या करतो. तुम्ही मागं बसून सूर धरा.

मी त्यांना चहा पाजला. काही बोलले नाही. इथं बोलते.

रविवारी मी पुढं उभी राहणार आहे, मधोमध, माइकसमोर. गाणं बाचं असेल, आणि ते नावापर्यंत जाईल. मला हटवायचं असेल त्यानं मागून येऊ नये. समोरून यावं, सगळ्या लोकांच्या डोळ्यांपुढं, आणि काय म्हणायचंय ते माझ्या तोंडावर म्हणावं. मी गाणं थांबवणार नाही.