लोड पाहून गिअर

तथागतांनी दुःखाचं मूळ तृष्णेत आहे असं सांगितलं आणि आमच्या मामांना ते तत्त्वतः मान्य आहे; फक्त माणसाचं निदान अर्धं दुःख चुकीच्या गिअरमुळे होतं, एवढी दुरुस्ती ते सुचवतात. हे मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. लाखनीला हायवेच्या कडेला ट्रकचे गिअरबॉक्स दुरुस्त करण्याचं त्यांचं गॅरेज आहे आणि जगातला असा एकही विषय नाही जो त्यांनी त्या गॅरेजात खोलून, तेल लावून परत बसवलेला नाही. कुणाचा संसार मोडला की मामा आधी विचारणार, "लोड किती होता?" कुणाचा पोरगा परीक्षेत आपटला की त्याच्या बापानं त्याला थेट टॉप गिअरमध्ये उठवला असणार, दुसरं कारणच नाही. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळं झालं त्याला किती वर्षं लोटली, पण मामांची तक्रार अजून ताजी आहे: अर्धा माल उतरला, इंजिन तेच राहिलं, तरी हे लोक अजून पहिल्यातच रेटून राहिले. मी पत्रकं काढणारी बाई आहे. न येणारी एसटी, न भेटणारा डॉक्टर, हुंडा, डीजे, सगळ्यांवर काढलीत. पण प्रशासनाचं इतकं नेमकं वर्णन मला एकाही पत्रकात साधलेलं नाही, हे मी रागानं कबूल करते.

आता असा माणूस स्वतः काय चालवत असेल? तर सरकारी लिलावातली एक जुनी, पांढरी, गोल पाठीची गाडी, जिच्या मागच्या सीटवर पडदे लावून साहेबलोकांच्या दोन पिढ्या झोपल्या. मामांनी तिचं इंजिन काढून फेकलं आणि हायवेवर चेपलेल्या एका भल्यामोठ्या जीपचं इंजिन तिच्यात बसवलं. निवृत्त मास्तरांच्या छातीत पैलवानाचं काळीज बसवावं तसा प्रकार. हे कायद्यात बसतं का, असं मी विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, कायद्याचं मागून पाहू, आधी इंजिन बसतं का ते पाहू. इंजिन बसलं. मूळ गिअरबॉक्सनं मात्र पहिल्याच झटक्याला जीव सोडला. त्याचे तुटलेले दात मामांनी आठवण म्हणून धुऊनपुसून मामींच्या सुपारीच्या डब्यात ठेवले आणि गप्पांच्या ओघात एका पाहुण्यांनी त्यातला एक उचलून तोंडात टाकला. त्या दिवशी गाडीचे आणि माणसाचे दात एकमेकांना भेटले. मामींनी त्याच दुपारी जाहीर केलं की या गाडीत त्या जन्मात बसणार नाहीत.

मग मामांनी ट्रकचा गिअरबॉक्स लावला. गाडी भिंत ओढून नेईल अशी ताकदवान झाली, पण पाचही गिअर समोरच्या बँकेच्या पाटीपर्यंतच संपायचे. मामा खचले नाहीत. ते म्हणायचे, ताकद काय, कोणाजवळही असते. ताकद अन् चाक यांच्या मधात कोण बसला आहे ते पाहावं. हे वाक्य मी ग्रामसभेत सरपंचांकडे बघून म्हटलं आहे आणि त्याचे परिणाम भोगले आहेत. शेवटी एका छोट्या मालवाहू टेम्पोचा गिअरबॉक्स इंजिनाशी जमला आणि प्रश्न उरला मागच्या धुऱ्याचा, म्हणजे चाकांच्या आसाचा. त्या धुऱ्यात दोन दातेरी चाकांची एक जोडी असते. एका प्रकारची जोडी बसवली तर गाडी जोर लावते पण पळत नाही. दुसऱ्या प्रकारची बसवली तर पळत सुटते पण हळू चालणं विसरते. मामा पहिलीला बैलजोडी म्हणत, दुसरीला घोडाजोडी. अर्थातच त्यांनी घोडा बसवला.

त्यानंतर मामा कारध्याकडे गाडी काढत आणि वैनगंगेचा पूल सुरू झाला म्हणेपर्यंत संपून जाई. नदी नावाची गोष्ट खिडकीतून एकदा चमके, बस. "तिसऱ्यातच आहे अजून," असं ते मागं वळून सांगत, पोरगं अजून बालवाडीत असून पाढे म्हणतं अशा थाटात. मी किंचाळत असे. मी नेमकं त्याच महिन्यात हायवेवरच्या वेगाविरुद्ध पत्रक काढलं होतं. मामांनी ते वाचलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि वाटायला स्वतःची गाडी देऊ केली. ती गाडी पहिल्या गिअरमध्येसुद्धा माणसाच्या चालीनं चालायला तयार नाही, हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं. मी खिडकीतून हात बाहेर काढायची, समोरचा माणूस हात पुढे करायचा, तोवर तो मागं राहिलेला असायचा. 'वाहने सावकाश चालवा' असं सायकलच्या चित्राखाली छापलेली माझी पत्रकं वाऱ्यावर उडाली आणि थेट भाताच्या बांध्यांमध्ये रोवणी करणाऱ्या बायांच्या डोक्यावर पडली. चिखलात उभ्या असलेल्या, आयुष्यात कधी चाक न फिरवलेल्या बायांना मी वेगाबद्दल समज दिली. मी मामांना म्हटलं, या गाडीला हळू चालता येत नाही, हा दोष आहे. मामा म्हणाले, "हळू कायले चालन ते? हळू चालाले तुह्या पत्रकातली सायकल आहे ना."

हाच हट्ट अंगाशी आला ताईच्या लग्नात. ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून मोठी, बोलायला कमी. तिचं चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत नोकरीला असलेल्या मुलाशी जमलं आणि मामांनी हायवेवरच्या झाडून सगळ्या ट्रकवाल्यांना सांगून टाकलं की पोरगी आपल्याच गाडीत सासरी जाणार, बाप चालवणार आणि कारध्याचा पूल टॉपमध्ये पार होणार. चहाच्या टपरीवर उभं राहून बघायची आमंत्रणं गेली. ताईनं एवढंच म्हटलं होतं की मी दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसणार नाही, तेव्हा बाबा, ती बंद पडता कामा नये.

लग्नाच्या सकाळी नवरदेवाला हायवेपासून मांडवापर्यंत आणण्याचा मानही मामांनी गाडीलाच दिला. मी भांडून डीजे रद्द केला होता, त्यामुळे पुढे साधा बॅन्ड होता आणि आमच्या घरच्या बाया नाचत होत्या. आता नाचणाऱ्या बाया किती वेगानं पुढे सरकतात हे ज्याला माहीत नाही त्यानं गाडी बनवू नये. दोन पावलं पुढे, एक मागे, मग एक फुगडी. मामांचा घोडा मागून फुरफुरत होता. गाडी पुढे सोडावी तर आत्याबाईंवर जाते, थांबवावी तर बंद पडते, म्हणून मामा क्लच अर्धा दाबून कसेबसे सरकत होते. आधी वास आला. मग धूर आला. बाया म्हणाल्या, स्वयंपाकात काही करपलं. करपली होती क्लच प्लेट. नवरदेव निमूटपणे उतरला आणि बॅन्डच्या मागून पायी चालत मांडवात आला. माझ्या मते वर असाच यावा, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

मंगल परिणयाची वेळ झाली तरी वधुपिता जागेवर नाहीत. भन्तेजींनी विचारलं, कुठे आहेत? कुणीतरी म्हणालं, गाडीखाली. मामा आले, मामींच्या शेजारी उभे राहिले आणि कोपरापर्यंत काळे झालेले हात जोडून त्यांनी त्रिशरण म्हटलं. डोळे मिटलेले होते, पण मला वाटतं, ते मनात प्लेटच बदलत होते. विधी झाल्यावर ईवाई, म्हणजे नवरदेवाचे वडील, समजुतीनं म्हणाले की आमची गाडी आहेच, पोरगी तीतच नेऊ, तुम्ही चिंता करू नका. चांगला माणूस. पण मामांचा चेहरा असा पडला की मला त्या भल्या माणसाविरुद्ध पत्रक काढावंसं वाटलं. उत्तर ताईनं दिलं. नऊवारीत नीट बसून घेत ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, मी थांबतो. बाबाची गाडी होऊ द्या."

आमचे सोयरे एक तर गॅरेजवाले, नाही तर ड्रायव्हर. ते पंगतीवरून उठले, हात धुतले आणि लगेच पुन्हा काळे केले. वऱ्हाडी मंडळी मठ्ठा पीत बघत होती आणि गाडीखालून नव्या कोऱ्या बुटांच्या जोड्या बाहेर आलेल्या होत्या. उन्हं कलायच्या आत प्लेट बदलून झाली. सगळे हात पुसू लागले, तर आतून मामांचा आवाज आला की आता मागचा धुरा खोला आणि गॅरेजातली बैलजोडी आणा. एकच गलका झाला. इतक्या वर्षांची मेहनत, हायवेवर माणसं उभी केलेली, आणि बैल लावून पूल पार करायचा? टपरीवरचे लोक हसतील. मी स्वतः वाकून विचारलं, "मामाजी, नवीन प्लेट बसली ना, मग काहून?"

मामा पाठीवर पडल्या पडल्या म्हणाले, "पोरगी मांडवातून झटक्यानं नाई नेत, बाई. बाया सोबत चालतात. त्याईच्या पायानं चालली पायजे गाडी."

आणि तशी ती चालली. एवढ्या ताकदीची गाडी एवढी हळू चाललेली मी पाहिली नव्हती. इंजिन पोटातल्या पोटात गुरगुरत होतं आणि चाकं मोजून मापून फिरत होती. बाया दोन्ही बाजूंनी चालत होत्या, मामींचा हात खिडकीवर, ताईचा हात त्यावर. गाडीला एकदाही हिसका बसला नाही, एकदाही कुणाला पाऊल उचलायची घाई करावी लागली नाही. हायवे आला तशा बाया थांबल्या. मामी थांबल्या नाहीत. मामांनी पुढचं दार आतून उघडलं आणि या गाडीत जन्मात न बसणाऱ्या मामी आत बसल्या. पुढे टपऱ्यांवर मामांनीच जमवलेले ट्रकवाले उभे होते. इंजिन वाघासारखं ओरडत होतं आणि शेजारून ट्रॅक्टर पुढे निघून जात होते. लोक पोट धरून हसले. मामांनी मान वळवली नाही.

घोडाजोडी तेव्हापासून ग्रीसच्या फडक्यात गुंडाळून गॅरेजच्या खुंटीला लटकली आहे. कधी बसवता, विचारलं की मामांना सवड नसते. हायवेवरच्या वेगाबद्दलचं माझं पत्रक आमच्या घराण्यापुरतं यशस्वी झालं म्हणायचं. ताई माहेरी येते, चार दिवस राहते, आणि मामा तिला सोडायला त्याच गाडीनं निघतात. परवा मीही मागे बसले होते. पूर्वी कारध्याचा पूल दिसायच्या आत संपायचा. आता वैनगंगा अख्खी दिसते, वाळू, नावा, कपडे धुणाऱ्या बाया, सगळं. पुलाच्या मध्यावर ताई म्हणाली, "बाबा, वरचा गिअर टाका ना. संध्याकाळ होऊन राहिली."

मामा समोर बघत म्हणाले, "लोड आहे, पोरी."

मी आजूबाजूला पाहिलं. डिकीत काही नव्हतं, निघताना ती मीच बंद केली होती. सीटवर ताईची एक पिशवी होती, आणि तिच्यात मामींनी दिलेले तांदूळ, फार नाहीत, एका हातानं उचलता येतील एवढे.